आडावरचं घर

पहार मुठीपर्यंत आत गेली आणि हणमंताने दचकून हात सोडला.

"म्याडम, खालून कुणी वढल्यावानी गेली ही."

"ओढतंय कोण तिथं, तुझा सासरा?" मी म्हटलं. "काढ आणि हातभर अलीकडे मार."

अलीकडे मारली तर टणकन वाजली. पलीकडे मारली तर पुन्हा लोण्यात गेल्यासारखी आत. मे महिन्याची दुपार, परभणीकडचं ऊन, काळ्या रानाला पडलेल्या भेगांत माझा अख्खा हात जात होता, आणि त्या पहारेच्या भोकातून मात्र गार हवा येत होती. मी गुडघे टेकून तळहात धरला. ओलसर, गार. अंगावर काटा आला तो मी घाम पुसायच्या निमित्ताने लपवला, कारण बाई इंजिनियर म्हणजे मजुरांना तमाशाच असतो.

मागे वळून पाहिलं तर घराचे मालक रंगनाथ गुरुजी पांढरेफटक पडलेले.

"गुरुजी, काय होतं इथं?"

"आड होता," ते म्हणाले.

"आड होता आणि ते मला आत्ता सांगताय? नकाशा झाला, खुणा मारल्या, बरोबर ह्या कोपऱ्यात तुमचं देवघर काढलंय मी! उद्या इथून घर खचलं तर लोक माझ्या नावाने बोंब मारतील."

मी असं तडातडा बोलते. आता वय झालं तरी बोलते. पण गुरुजी रागावले नाहीत. शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून उभे राहिले, आणि म्हणाले, "म्याडम, आत माझी बहीण आहे."

गावाचं नाव खडकवाडी. नाव ठेवणाऱ्याला काय सुचलं होतं देव जाणे, कारण सगळीकडे काळीभोर चिकण माती आणि खडकाचा पत्ता नाही. घर बांधायला ह्या मातीसारखी दगाबाज दुसरी नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या भिंतीला आपल्याबरोबर नाचवते. अशा जागी पाया निवडायला तीन वाटा असतात. लोक करतात तसा नुसता दगडी पाया घालायचा आणि दोन पावसाळ्यांनी भिंतीतल्या भेगा मोजत बसायचं. नाहीतर सगळ्या घराखाली एकच जाड स्लॅब घालायचा, त्याला राफ्ट म्हणतात. घर परातीत ठेवल्यासारखं त्यावर बसतं, माती हलली तर सगळं मिळून हलतं. किंवा खाली मुरुमापर्यंत भोकं पाडून काँक्रीटचे खांब उतरवायचे, बुडाशी फुगीर, म्हणजे माती कितीही फुगली तरी ते उपटून वर येत नाहीत. कुठली वाट धरायची हे मालकाने नाही, जमिनीने सांगायचं असतं. मी आजवर तिचंच ऐकत आले.

गुरुजींनी त्या दिवशी लिंबाखाली बसून मला सगळं सांगितलं. ते चौथीत असताना थोरली बहीण चंद्रकला आडाला गेली, ती आलीच नाही. काठावर तिच्या वहाणा सापडल्या. घरची तांब्याची कळशी नव्हती, दोर नव्हता. आडाला पाणी चांगलं पुरुषभर होतं.

"मग काढली नाही तिला?"

"नाही. वडिलांनी आडच बुजवला. दोन दिवसांत. चुलते, गावकरी, सगळे गळ घेऊन आले होते, पोहणारे आले होते. वडील आडाच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, माझी लेक मी उघडी नागडी गावापुढं वर काढणार न्हाई. गाडीने दगडमाती आणून ओतली."

आडात माणूस असताना कुणी आड बुजवतं? मेलेल्या कुत्र्यालासुद्धा वर काढून पुरतात.

"त्या दिवशी पाण्याची पाळी माझी होती, म्याडम," गुरुजी म्हणाले. "मी खेळत होतो. ताईला म्हटलं, तू जा. आता मीच इथं घर बांधतोय. तिला वर काढायचं, अस्थी गंगेवर न्यायच्या, मग पाया भरायचा. तिच्या उरावर देवघर कसं बांधू? आई तर तिच्या नावानं कधी घाससुद्धा टाकू देत नाही. पितरांत सगळ्यांचं पान असतं, ताईचं नाही."

जागा सरकवता येते का ते मी पाहिलं. उत्तरेला ओढा, दक्षिणेला डांबरी रस्ता, मधे चिंचोळी पट्टी. घर बसणार ते इथंच.

लागूनच्या जुन्या घरातून चहा घेऊन गुरुजींची आई आली. कौसाबाई. सुपारीएवढी म्हातारी, कपाळावर मोठं कुंकू. गुरुजी आत गेले तशी ती माझ्याजवळ टेकली.

"बाई, तुमी ते परातीवानी करता म्हनं. वरच्यावर."

"राफ्ट. तो एक प्रकार आहे."

"तेच करा. खोल जाऊ नगा."

"का हो आजी?"

"माही चंद्री आडाला गेलीया," ती म्हणाली. "तिला नगा हलवू."

तेव्हा माझ्या कानाला काहीतरी खटकलं, पण काय ते कळलं नाही. दिवस कलताना मी सामान आवरत होते तर कौसाबाई तांब्या घेऊन आली. पहारेच्या भोकाशी उकिडवी बसली, पाणी हळूहळू मातीत सोडलं आणि खाली तोंड करून म्हणाली, "जेवलीस का गं?"

बाई गं! हणमंता आणि त्याचे गडी टोपल्या तिथंच टाकून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी टेप गुंडाळायची सोडून बघत राहिले. ती थोडा वेळ कान देऊन बसली, जणू पलीकडून उत्तर यायचं आहे. मग उठली, पदराने तांब्या पुसला आणि घरात गेली.

"रोजचं हाय हे," हणमंता म्हणाला. "गावातली लेकरं इकडून जात न्हाईत. म्हनत्यात, खालून बांगड्या वाजत्यात."

"तू ऐकल्यास?"

"म्या कशाला ऐकू? म्या कानात बोटं घालूनच येतो."

मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला गुरुजींचे वडील आले. लिंबाजीराव. उंच, वाळलेले, तोंडात दात नाहीत पण कपाळाला आठ्या भरपूर. दिवसभरात एकदाच बोलले होते, तेही भांडायला: नकाशात मी दार रस्त्याकडे काढलं होतं, ते त्यांनी मोडून पूर्वेला करायला लावलं. "रस्त्याचं तोंड बघायचं न्हाई मला," म्हणाले. मी दक्षिण दिशेचा अपशकुन समजले आणि सोडून दिलं.

थांब्यावर आल्यावर काठी रोवून उभे राहिले.

"इंजिनेरबाई, पोरगं म्हनंल ते ऐकू नगा. परातीचाच पाया घाला. तिला निजू द्या."

"अहो, पण खाली भराव आहे. तो अजून दबतोय. बाकीची जमीन घट्ट आणि एकच कोपरा पोकळ असला तर राफ्ट तिथं वाकतो. देवघरासकट घर कलेल तुमचं."

"कलू द्या."

"म्हणजे काय?"

"कललेल्या घरात ऱ्हाऊ आमी. पन तो आड उकरू नगा. पाया पडतो तुमच्या."

आणि खरोखर वाकले हो! बापाच्या वयाचा माणूस. मी मागे सरले. एस.टी. आली, मी चढले, खिडकीशी बसले, आणि परभणी येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ह्या माणसाने आपल्या लेकीला मारलं आहे. आड बुजवला तो लाजेपोटी नाही, पुरावा गाडायला. आणि बायकोला ठाऊक आहे. म्हणून ती रोज पाणी पाजते.

आता करू काय? खोल जावं तर त्या दोघांच्या म्हातारपणाची माती होणार, न जावं तर मुलगा जन्मभर बहिणीच्या हाडांवर नमस्कार करत बसणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते असं. माझ्या नवऱ्याने सांगितलं, सोड ते काम, दुसरं घे. पण ती गार हवा तळहातावर राहिली होती. भाकरी थापताना जाणवायची. मी ठरवलं, माणसांचं राहू दे. जमीन काय म्हणते? जमीन म्हणत होती, ह्या कोपऱ्यात खाली घट्ट लागेपर्यंत जायला हवं.

गुरुजींना मी तसंच सांगितलं. त्यांनी पोलीस पाटलांना कळवून ठेवलं, गुरवाला बोलावलं, नवं मडकं आणलं, पांढरं कापड आणलं. कामाच्या सकाळी ते कापड मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते. चौथीतलं पोर दिसत होतं मला त्यांच्यात. लिंबाजीराव ओट्यावर, कौसाबाई दाराच्या चौकटीत. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. आणि दोघंही माझ्याकडे मी वैरीण असल्यासारखं बघत होते.

आड जुन्या बांधणीचा होता, आतून दगडाने रचलेला, म्हणून ढासळायची भीती कमी. हणमंता कमरेला दोर बांधून उतरला. टोपली वर यायला लागली. दगड, विटांचे तुकडे, राख, फुटकं उखळ, कुणाच्या तरी दाराची कडी. प्रत्येक टोपली गुरुजी स्वतः हाताने चाळत होते. दुपार झाली तशी माती ओली लागायला लागली, मग चिखल, मग काळा गाळ. वास सुटला. गुरव पुटपुटत होता. मला तर प्रत्येक फांदीचा तुकडा बोट वाटत होता.

"म्याडम!" खालून हणमंताचा आवाज घुमत आला. "कळशी हाय!"

दोर ओढला. कळशी वर आली, गाळाने माखलेली, काळीहिरवी. गुरुजी ती दोन्ही हातांत धरून हमसून रडायला लागले. "ताईची आहे. आमचीच आहे ही." मी ओट्याकडे पाहिलं. लिंबाजीरावांनी डोळे मिटले होते. कौसाबाई चौकटीला धरून खाली बसली होती.

"आणखी बघ," मी खाली ओरडले. "हळू, हाताने बघ."

बराच वेळ खालून फक्त खरवडल्याचा आवाज. गाळाच्या टोपल्या आल्या, आम्ही बोटांनी चिवडल्या. मग वेगळाच आवाज आला, टणकन, पहार वाजल्याचा.

"खडक लागला!" हणमंता ओरडला. "बूड आलं म्याडम. आता खाली काय न्हाई."

"आणि ती?"

"कोन?"

"अरे, माणूस!"

"न्हाई की. हाडूक न्हाई का बांगडी न्हाई. चौफेर बघितलं. रिकामा हाय आड."

गुरुजी कळशी घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती उपडी केली, आत काही आहे का बघायला. गाळाचा गोळा पडला आणि त्यामागून धोंडे. ओढ्यातले गुळगुळीत धोंडे, गळ्यापर्यंत ठासून भरलेले. एकामागून एक पडत राहिले. पाणी भरायला नेलेल्या कळशीत कुणी धोंडे भरतं का? ती बुडावी, तरंगून वर येऊ नये, म्हणून भरतात.

लिंबाजीराव ओट्यावरून उतरले. काठी विसरले. त्या धोंड्यांकडे बघत म्हणाले, "ही कुनी भरली?"



"मी," कौसाबाई म्हणाली.

"तू?"

"म्याच भरली. म्याच टाकली. वहाना बी म्याच ठिवल्या काठावर." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "तुमच्या भावांनी कुऱ्हाडी परजल्या होत्या. शाळा बांधाया आलेल्या गवंड्याशी बोलताना बघितलं होतं तिला. दोघांस्नी तोडतो म्हनाले, माह्या पुढ्यात म्हनाले. म्या म्हनलं तिला, जा. पाठ फिरवून बघू नगंस. तुला आडानं खाल्लं म्हनून सांगीन समद्यांला."

मग मला कळलं त्या दिवशी कानाला काय खटकलं होतं ते. ही बाई आजवर एकदाही 'मेली' म्हणाली नव्हती. 'आडाला गेलीया' म्हणायची. पाणी आणायला गेलेली पोर येईल आत्ता, असं. म्हणून पितरांत पान नाही, म्हणून घास नाही. जित्या लेकीचा घास कोण टाकील?

लिंबाजीराव बायकोच्या समोर मातीतच बसले.

"म्या बघितलं तिला," ते म्हणाले.

"काय?"

"रस्त्याच्या वळणावर. ट्रकात चढताना. म्या गुरं घेऊन येत हुतो. तिनं मला बघितलं, म्या तिला. ती थांबली गं. हाक मारली असती तर उतरली असती. म्या मान फिरवली आन् गुरांमागं गेलो."

कौसाबाईचं तोंड उघडं राहिलं.

"घरी आलो तर तू छाती बडवून घेत हुतीस, आडात गेली म्हनून. भाऊ गळ आनाया निघाले. गळ टाकला असता तर आड रिकामा निघाला असता, आन् ते तिच्या मागं सुटले असते. म्हनून बुजवला."

"तुमाला ठावं हुतं? पैल्या दिसापासून?"

"व्हय."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"तू रोज रडायचीस. म्हनलं, मेली समजून रडली तर कवातरी मोकळी हुईल. जित्या लेकीसाठी मानूस जलमभर रडतं."

"आवं, म्या तुमच्यासाठी रडत हुते!" तिने कपाळावर हात मारून घेतला. "तुमाला खरं वाटावं म्हनून रडत हुते. तुमी भावांस्नी सांगाल म्हनून भीत हुते. तुमी घरात असला की जास्त रडायची. रडता रडता तितंच बोलायची सवय लागली. दुसरीकडं कुठं बोलू? पत्ता कुठं हाय तिचा माह्याकडं?"

ह्या दोघांनी एका छपराखाली संसार केला, एका ताटात जेवले, एकाच मुलीला वाचवलं, आणि सबंध जन्म एकमेकांपासून तिला लपवलं. मला एवढा राग कधी कुणाचा आला नाही आणि एवढी दयाही.

"दाजी गेले," कौसाबाई म्हणाली. दाजी म्हणजे लिंबाजीरावांचे थोरले भाऊ. "मागून धाकलं गेलं. कुऱ्हाडी धरणारं कुनी उरलं न्हाई. तवा बोलला असता तर म्या गेले असते. चालत गेले असते तिला हुडकाया. हातपाय हुते माझे तवा."

लिंबाजीराव मातीत बोटं फिरवत बसले.

गुरुजी मात्र भडकले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "आणि मी? पाळी माझी होती, मी पाठवलं तिला, मी मारलं तिला, असं समजून मी जगलो! मला सांगायचं नाही?"

"तू लेकरू हुतास," आई म्हणाली. "बोलून गेला असतास."

"नंतर तर मोठा झालो ना!"

"नंतर," ती म्हणाली आणि थांबली. "नंतर कसं सांगावं ते कळंना रे."

गुरुजींनी पांढऱ्या कापडाची घडी केली, मडकं गुरवाच्या हातात दिलं आणि आडाकडे पाठ करून उभे राहिले.

त्या दिवशी कलत्या उन्हात कौसाबाई सवयीने तांब्या भरून आली. काठाशी उकिडवी बसली. खाली आडाचं तोंड उघडं, बुडाशी खडकावर पाझराचं थोडं पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. तिने तांब्या कलता केला आणि तसाच धरला. विचारायला तिथं कुणी नव्हतं, आणि कधीच नव्हतं, आणि आता ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी न ओतता ती उठून घरात गेली. आडातून बांगड्या वाजतात म्हणणाऱ्या गावात मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

बाकी घराला मी खांब घातले, मुरुमापर्यंत. आडात मात्र खडकापासून वरपर्यंत काँक्रीट आणि दगड भरले. काम वाळेस्तोवर गुरुजी गवंड्याच्या गावी जाऊन आले. ते घर केव्हाच उठलं होतं. कुणी सुरत सांगितलं, कुणी सोलापूर, कुणी म्हणालं कोण गवंडी? हात हलवत परत आले आणि आईला म्हणाले, "शोधतोय मी." ती म्हणाली, "आडात न्हाई येवढं तरी कळलं."

मग भिंतींची आखणी करायला मी गेले. चुन्याने खुणा मारल्या, दोरी ताणली, पूर्वेला दाराची जागा सोडली. कौसाबाई आली. चुन्याच्या खुणेवर उभी राहिली आणि पायाने पुसून टाकली.

"दार रस्त्याकडं करा, बाई."

"आई, दक्षिण आहे ती," गुरुजी म्हणाले. "यमाची दिशा. लोक नावं ठेवतील."

"यम यायचा तवा कुठूनबी यील. त्याला दार लागत न्हाई," ती म्हणाली. "पर माही चंद्री आली तर रस्त्यानंच यील. तिला दार दिसाया नगं?"

मी ओट्याकडे पाहिलं. रस्त्याचं तोंड बघायचं नाही म्हणणारा म्हातारा तिथं बसला होता. आता भांडण होणार म्हणून मी दोरी हातात धरून थांबले. लिंबाजीराव काठी टेकत उठले, सावकाश माझ्यापर्यंत आले, आणि दोरीचं दुसरं टोक घेऊन रस्त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.